आमच्या सोसायटीचा पाऊस

२८ सप्टेंबर, रविवार

लिफ्टमध्ये नोटीस लागली आहे. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा. पार्किंग, पाण्याचा पंप, आणि तिसरा विषय: आवारातल्या आठ सप्तपर्णी आरोग्याला अपायकारक आहेत, सबब त्या तोडण्यासाठी वनखात्याकडे अर्ज करणे. खाली सही जयंतची. हा जयंत इथे दिल्लीत, द्वारकेला राहायला आला तेव्हा शाळेत होता आणि सायकल आमच्या दारात आडवी लावायचा. आता सेक्रेटरी झाला आहे आणि गाडी आडवी लावतो.

झाडे आम्ही लावली. सोसायटी उभी राहिली तेव्हा इथे रेती, विमानांचा आवाज आणि मराठी सरकारी नोकरांची काही कुटुंबे, एवढेच होते. सावली कुठेच नव्हती. मी स्वतः बादलीने पाणी घातले आहे. तेव्हा जयंतचे वडील गच्चीवरून सूचना देत होते.

खाली जाऊन त्याला गाठले.

"काकू, पर्सनली घेऊ नका ना," तो म्हणाला. "फुलं आली की माझ्या मुलीचा इन्हेलर हातातून सुटत नाही. किती लोकांना प्रॉब्लेम आहे यार. काकांना पण आहेच की."

"काकांचा दमा झाडांपेक्षा वयाने मोठा आहे."

"अच्छा, पण सभेत बोलू ना."

"बोलूच. आणि मला यार म्हणू नकोस."

वर येऊन नवऱ्याला, गुणवंतला, सगळे सांगितले. तो झोपायच्या खोलीच्या खिडक्या लावत होता. म्हणाला, "कळ्या दिसतायत का गं?" मी इतके बोलले त्यावर याचे उत्तर हे. मग टोपी घालून करोल बागेत त्याच्या मित्राकडे, राजाभाऊकडे गेला. हल्ली संध्याकाळ झाली की मेट्रो पकडतो. तिथे बसून छोले-भटुरे खात असणार. माझी लढाई सुरू झाली की हा माणूस नेहमी दुसऱ्या स्टेशनवर उतरतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भाषणाची तयारी केली. या लोकांना सावली म्हटले की ते एसी दाखवतात, पक्षी म्हटले की कबुतरांची जाळी दाखवतात. म्हणून मी पावसाबद्दल बोलणार आहे. त्याबद्दल या आवारात माझ्याइतके कुणाला कळत नाही.

ढगातले पाणी शून्याखाली गेले की गोठते असे सगळ्यांना वाटते. तसे होत नाही. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे पस्तीसपर्यंत हट्टाने पाणीच राहतो. गोठायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा कण, परागाचा तुकडा, नाहीतर पानावर राहणारा एक जिवाणू. त्या जिवाणूच्या अंगावर असे एक प्रथिन असते की पाण्याचे रेणू त्यावर बर्फासारखे रांगेत बसतात आणि थेंब उणे तीन-चारलाच गोठतो. मग तो वाढतो, जड होतो, खाली येताना वितळतो आणि आपण छत्री उघडतो. जिवाणू परत पानावर जातो. झाड ढगाला कण देते, ढग झाडाला पाणी देतो.

माझी हवामान खात्यातली नोकरी गारा फोडण्यात गेली. गारा पडल्या की लोक आत पळायचे, मी पातेले घेऊन बाहेर पळायचे. गार थराथराने वितळवायची आणि मध्यभागी काय बसले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पानावरचे जीव सापडले तेव्हा मी ते लिहून वर पाठवले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, अब बादलों को जुकाम हुआ है क्या?" ढगांना सर्दी म्हणे. सगळे हसले. पुढे परदेशातून तेच छापून आले, तेव्हा साहेब आणि मी दोघेही निवृत्त झालो होतो.

एक शंका इथेच लिहिते, सभेत बोलणार नाही. हे सगळे मोठ्या जंगलांबद्दल आहे. आठ झाडांबद्दल नाही. आणि सप्तपर्णी घेऊन कुणी हे तपासले आहे असे माझ्या माहितीत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सभा झाली. पार्किंगवर दीड तास. माणसे पिवळ्या पट्ट्यांसाठी एकमेकांच्या आया काढतात आणि झाडांसाठी घड्याळ बघतात.

मी हिंदीत बोलले. माझ्या हिंदीला अर्धा हॉल आधीच हसायच्या तयारीत असतो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवले होते की आवाज चढवणाऱ्या मुलीचा मुद्दा लंगडा असतो, म्हणून आवाज खालीच ठेवला. गारांबद्दल सांगितले, जिवाणूबद्दल सांगितले. लोक ऐकताहेत असे वाटले आणि तिथेच मी वाहवले. म्हणाले की या आपल्या झाडांवरून क्षणोक्षणी असंख्य कण हवेत उठतात, डोळ्यांना न दिसणारे, इतके हलके की ढगापर्यंत पोहोचतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

जयंत उभा राहिला. "काकू, म्हणजे ही झाडं न दिसणारे पार्टिकल हवेत सोडतात. असंख्य. आपण ते श्वासातून घेतो आणि पत्ता लागत नाही. बिल्कुल करेक्ट. आम्ही पण हेच म्हणतोय."

हॉलभर हशा फुटला. पहिल्या मजल्यावरच्या मिसेस खुराना डोळे पुसत म्हणाल्या, "आंटी ने तो हमारा ही केस लड़ दिया." मी उभीच होते. बसायचे कसे ते सुचेना.

जयंत म्हणाला, "दूर कशाला, काकांना विचारू. सगळ्यांना माहीत आहे त्यांची कंडिशन. काका, तुम्हीच सांगा."

गुणवंत मागच्या रांगेत होता. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठला. म्हणाला, "मुझे दमा है." मग थांबला. "पुराना है." मग थांबला. "पेड़ मेरी खिड़की के सामने है. उससे मुझे कुछ नहीं होता." आणि बसला.

संपले. ज्याला दमा आहे तोच नाही म्हणतो म्हटल्यावर कुणाचा हात वर जाईना. जयंतचा आणि दुसऱ्या तिघांचा, एवढेच. झाडे राहिली.

घरी येताना मी त्याला म्हटले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा कामाचं बोललास. पण एवढं थांबत थांबत का? मंत्री आहेस का तू?"

"परिणाम होतो," तो म्हणाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कालपासून पाऊस. दणकून. ऑक्टोबरात दिल्लीत असा पाऊस पडला की लोकांना काहीतरी कारण हवे असते. ते त्यांना मिळाले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिसेस खुरानांनी लिहिले, "आंटी के पेड़ों ने बारिश करा दी." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

हा पाऊस पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राकडून निघालेल्या वाऱ्यांचा आहे. वर्तमानपत्रातही तसे छापले आहे. खाली जाऊन सांगायला हवे होते. गेले नाही. मिसेस खुरानांनी बुंदीचे लाडू पाठवले होते. खाल्ले. माझ्या कामाबद्दल कुणी मला गोड काही पाठवल्याचे आठवत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

झाडांना लाल धागे बांधले आहेत. बायका सकाळी तांब्याने पाणी घालतात, पावसाची झाडे म्हणून. मी ख्रिस्ती घरातली, माझा नवरा देशस्थ, आमच्या भिंतीवर क्रूस आणि गणपती शेजारी शेजारी राहतात आणि भांडत नाहीत. पण खोडाला कुंकू लावलेले पाहून माझा संताप झाला. मी यांना जिवाणू सांगितला, यांनी त्याचा देव केला.

"तुझा पंथ निघाला," गुणवंत म्हणाला. हसला आणि लगेच खोकत बसला.

फुले आता पूर्ण उमलली आहेत. संध्याकाळी वास इतका गच्च होतो की जिन्यात भिंतीसारखा लागतो. मला आवडतो. गुणवंत आता संध्याकाळचीही वाट बघत नाही, जेवण झाले की निघतो. मी विचारले, "राजाभाऊच्या दुकानात एवढं काय आहे? मोटारींचे सुटे भाग विकतो तो माणूस." म्हणाला, "गप्पा." घरी गप्पा मारायला मी काय मेले आहे?

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. सकाळी उठले तर हा स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेला, दार लावून, एक्झॉस्ट पंखा सुरू करून. म्हणाला, इथे बरे वाटते. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथून दिसते फक्त पाण्याची टाकी. म्हातारपणी माणसाला कशाची आवड लागेल सांगता येत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

गुणवंत हॉस्पिटलमध्ये. पहाटे ओठ निळे दिसले. जयंतने गाडी काढली, तीही आडवी लावलेली असल्यामुळे लवकर निघाली. ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर मुलगी तरुण आहे, चांगली आहे. तिने मला विचारले, घराजवळ कुठले झाड फुलले आहे का? मी म्हणाले, फटाके आहेत, शेतात जाळतात त्या पराळीचा धूर आहे, समोर इमारतीचे काम चालू आहे. यातले काहीच खोटे नाही.

दुपारी राजाभाऊ मऊ भात घेऊन आले. गुणवंतला झोप लागली तेव्हा मला बाहेर घेऊन गेले.

"वहिनी, तुमची ती फुलं."

"राजाभाऊ, तुम्ही सायलेन्सर विकता. फुप्फुसं कधीपासून बघायला लागलात?"

"तो माझ्याकडे गप्पा मारायला येत नाही. येतो, मागच्या खोलीत आडवा होतो आणि दोन तास नुसता श्वास घेतो. गेल्या वर्षीही तेच. मी म्हटलं, वहिनींना सांग. तर म्हणाला, सांगितलं तर ती झाडांच्या बाजूने भांडायची कशी?"

मी त्यांना चांगलेच सुनावले. काय ते आता आठवत नाही. भाताचा डबा तसाच राहिला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

त्याला सरळ विचारले. नाकात नळी असताना माणूस पळून जाऊ शकत नाही.

"सभेत खोटं का बोललास?"

त्याने नळी सरळ केली. मग म्हणाला, "लोक हसत होते."

"मग हसू दे. माझ्यावर याआधीही हसलेत."

"माहीत आहे. ऑफिसातून घरी येऊन जेवली नव्हतीस."

मी म्हटले, आत्ता जयंतला फोन करते आणि सांगते खरे काय ते. तर हा गृहस्थ, ज्याला धड वाक्य पुरे करता येत नाही, माझे मनगट धरून म्हणतो, "चारचौघांत सांगितलंय मी. ते फिरवायचं नाही. आणि झाडांना हात लावलास तर बघ." काय बघ? काय करणार आहे? मला इतका राग आला होता की नर्सने मलाच बाहेर बसवले.

बाहेर बसून विचार केला. माझे शास्त्र खरे आहे. ढग, पाने, जिवाणू, सगळे खरे. आणि त्या झाडाचा तो वास, ते कण रोज माझ्या नवऱ्याच्या छातीत जात होते हेही खरे. मी सगळ्या जगाच्या हवेत काय तरंगते ते मोजत आले. आमच्या खोलीच्या हवेत काय आहे ते राजाभाऊंनी सांगितले. याच्याइतके चीड आणणारे दुसरे काही नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गुणवंत हॉस्पिटलमधून थेट करोल बागेत राजाभाऊंकडे. फुले गळेपर्यंत तिथेच.

काल सरकारच्या विमानाने ढगात क्षार फवारले, कृत्रिम पाऊस पाडायला. पडला नाही. पडणार नव्हताच, ढगात पाणीच नव्हते. कण कितीही द्या, बांधायला पाणी तर हवे. पण सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून उत्सव आहे. जो पाऊस विमानाला पाडता आला नाही तो आपल्या झाडांनी पाडला. मिसेस खुरानांच्या भाचीने व्हिडिओ केला आहे, त्यात माझा फोटो आहे, सभेतला, तोंड उघडे असलेला.

जयंतकडे गेले. त्याच्या दारात उभी राहून म्हणाले, "तुझा अर्ज परत आण. निदान आमच्या ब्लॉकसमोरची चार झाडं."

त्याने हसायला हवे होते. मी तयारी करून गेले होते. हसला नाही, त्यामुळे माझी सगळी उत्तरे वाया गेली.

"काकू, आता कसं? त्या झाडांची आरती चाललीय. तोडायचं म्हटलं तर मलाच तोडतील. तुम्हीच तर सांगितलंत बारिश होते म्हणून. चलो, काकांनी येऊन सांगितलं की त्रास होतो, तर लोक ऐकतील."

"काका काही सांगणार नाहीत."

"मग?"

"सभा बोलाव."

९ नोव्हेंबर, रविवार

हॉल भरलेला. पार्किंगलाही इतके लोक येत नाहीत.

मी म्हणाले, गेल्या महिन्याचा पाऊस पश्चिमेकडून आला. आपली झाडे नसती तरी पडला असता. तो पाकिस्तानातही पडला, तिथे आपली सोसायटी नाही. या आठ झाडांचा पावसाशी तेवढाच संबंध आहे जेवढा आपल्या पंपवाल्याचा.

मिसेस खुराना उठल्या. "पर आंटी, आपने ही तो कहा था. बादल में जाता है, बर्फ बनता है."

"गलत कहा था."

"और वो बर्फ़वाली रिसर्च?"

इथे मी थांबले. खरे उत्तर लांबलचक होते: की ते संशोधन बरोबर आहे, पण जंगलाच्या मापाचे आहे, की मी आठ झाडांना जंगलाचा कोट चढवला, की विज्ञानात खोटे आणि फुगवलेले यांत फरक असतो. हा फरक ऐकून घेतला असता तर या लोकांनी त्यातून अर्धेच उचलले असते, आणि सोमवारी झाडाला नवा धागा बांधला असता. म्हणून मी म्हणाले, "वो भी बेकार. पूरी नौकरी बर्फ़ पिघलाई, कुछ नहीं निकला."

हसले. मागे कुणीतरी "बादलों को जुकाम" छाप काहीतरी म्हणाले, नेमके कळले नाही. मी हसू देत राहिले. हसणारा माणूस हात लवकर वर करतो.

मग जयंतनेच विचारले, विचारायला नको होते ते. "तो काका? उन्होंने बोला था कुछ नहीं होता."

"काका ने सच बोला था. उन्हें कुछ नहीं होता. शिकायत मेरी है. साँस की तकलीफ़ मुझे है."

जयंतने माझ्याकडे पाहिले. त्याने मला लिफ्ट सोडून रोज चार मजले जिना चढून वर येताना पाहिले आहे. मान खाली घालून हात मोजायला लागला. आमच्या ब्लॉकसमोरची चार झाडे काढण्यासाठी अर्ज, त्याबदली मागच्या बाजूला कडुनिंब, मंजूर. मिसेस खुरानांनी विरोधात मत दिले आणि माझ्याशी न बोलता गेल्या. लाडू बंद.

जिन्यात जयंत म्हणाला, "थँक यू, काकू. मुलीसाठी..."

"तुझ्यासाठी केलं नाही," मी म्हणाले. "आणि उद्या गाडी सरळ लाव."

१० नोव्हेंबर, सोमवार

करोल बागेत गेले. गुणवंत दुकानामागच्या खोलीत बसून राजाभाऊंच्या पावत्या तपासत होता. गाल जरा भरले आहेत.

"खोटं बोललीस म्हणे," तो म्हणाला. जयंतने फोन केला असणार.

"अर्धं."

"संशोधन बेकार म्हणालीस. सगळ्यांसमोर."

"तुला काय करायचंय? तुझं होतं का ते?"

त्याने पावती उलटी ठेवली. मला वाटले आता काहीतरी चांगले बोलेल. म्हणाला, "आता आपण दोघेही त्या सोसायटीत खोटारडे."

"मग घरी चल. एकटीने खोटारडं राहायला कंटाळा येतो."

"फुलं?"

"गळतायत."

राजाभाऊ पलीकडून ओरडले, चहा टाकलाय. फार गोड करतात. प्यायले.

४ डिसेंबर, गुरुवार

वनखात्याचा निरीक्षक आला. मफलर, मोटरसायकल, हातात टेप. सोबत जयंत, मी आणि गुणवंत. त्याला घरी राहा म्हटले होते, ऐकले नाही. फुले संपली आहेत, आता हवेत नुसता धूर आहे.

निरीक्षकाने आमच्या खिडकीसमोरच्या झाडाचा घेर घेतला. धागे बाजूला सारून टेप लावला. चांगले जाड झाले आहे. मी दुसरीकडे पाहिले.

"तकलीफ़ किसको है?" त्याने विचारले.

"मुझे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. थोड्याच वेळापूर्वी मी फाटकावरच्या गार्डला त्याच्याच समोर इतके झापले होते की कुत्रीसुद्धा उठून गेली होती.

"साँस की?"

"हाँ."

"कब से?"

याची तयारी मी केली नव्हती. गुणवंत माझ्या शेजारी उभा राहून झाडाच्या शेंड्याकडे बघत होता, जणू त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

"शादी के बाद से," मी म्हणाले.

निरीक्षकाने मान हलवली आणि कागदावर लिहिले: पुरानी.

गुणवंतने वाकून वाचले. "मराठीत त्याला जुनाट म्हणतात," तो म्हणाला.